थेट बॅटरीवर जोडलेला रेडिओ

शुक्रवार, १२ डिसेंबर. रक्कम दोन हजार शंभर रुपये. हजर तिघे: मी, माझी आई आणि गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा वायरमन. जागा रत्नागिरी शहरात, एका गॅरेजला लागून असलेली पत्र्याची शेड. काम एवढंच की आमच्या एकोणीस वर्षं जुन्या व्हॅनमधला रेडिओ बंद पडला होता, त्याच्या जागी साधा नवा बसवायचा.

रेडिओचे सोळाशे पन्नास, डॅशबोर्डच्या खाचेत बसवायच्या प्लास्टिकच्या चौकटीचे दीडशे, मजुरी तीनशे, वायर आणि टेप पन्नास. एकूण दोन हजार एकशे पन्नास. पन्नास आईनं कमी करून घेतले.

हे आकडे मला लिहून न ठेवताही आठवतात. तेव्हा मला काय वाटत होतं असं कुणी विचारलं, तर मात्र सांगता येणार नाही. काही वाटत असल्याचं आठवत नाही.

आईचं वय तेव्हा एकोणऐंशी. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याला दोन वर्षं चार महिने झाले होते. मंगळवार आणि शुक्रवार असे आठवड्यातले दोन दिवस डायलिसिस. आमचं गाव हमरस्त्यापासून आत, लांज्याच्या बाजूला. दारापासून रत्नागिरीतल्या केंद्रापर्यंत एकोणतीस किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघायचं, सातला आई चार नंबरच्या मशीनवर, अकराला सुटका. मग बिल, औषधं, आणि दीडच्या सुमाराला घर. मी काजूच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. मालकांनी हे दोन अर्धे दिवस मला मोकळे दिले होते, त्याबदल्यात मी रविवारी जायचो. इतर दिवशी माझी ये-जा स्कूटरवर. व्हॅन फक्त आईसाठी निघायची.

व्हॅनमध्ये आम्ही दोघंच. मी बोलणारा माणूस नाही. आई बोलणारी, पण गाडीत ती माझ्याशी बोलत नसे, रेडिओशी बोले. सकाळच्या कार्यक्रमात आंब्याच्या मोहोरावर कसली फवारणी करावी ते सांगायचे, की आई म्हणायची, "सांगतोय कोण? याच्या बापानं तरी कलम बघितलंन होतं काय?" हवामान सांगायला लागले की म्हणायची, "वर बघून सांग, कागद बघून नको." जाताना ही बडबड जोरात असे. येताना मशीननं तिच्यातला जोर काढून घेतलेला असायचा, तरी एखादं वाक्य टाकायचीच. मी गाडी चालवायचो. दोन वर्षं हे असं चाललं आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

२ डिसेंबरला परत येताना पालीच्या अलीकडे रेडिओतून एकदा खरखर आली आणि तो गेला. मी फ्यूज बघितला, चांगला होता. वरून दोन चापट्या मारल्या. काही नाही. पाच तारखेची खेप तशीच झाली. नऊचीही तशीच. हमरस्त्याचं काम चालू आहे, वळणवाटा काढलेल्या आहेत, धूळ येते म्हणून काचा बंद. बंद काचांच्या गाडीत दोन माणसं सव्वा तास गप्प बसली की एकाला तरी बोलावं लागतं.

नऊ तारखेला परतताना हातखंबा सोडल्यावर आई म्हणाली, "आता मला नेऊ नकोस."

मी विचारलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे? तिथेच. पुरे झालं आता. बंद करूया."

मी समोर बघत होतो. पुढे डंपर होता, त्याच्या मागे धूळ. त्या डंपरच्या मागच्या पट्टीवरचा नंबर मला अजून पाठ आहे. थोड्या वेळानं मी म्हणालो, "शुक्रवारी रेडिओ बसवून घेतो."

आईनं माझ्याकडे बघितलं असावं. मी मान वळवली नाही.

डायलिसिस बंद करणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तिला माहीत नसेल, असं मी धरून चाललो होतो. आमच्या पाळीतले दोन पेशंट दोन वर्षांत येईनासे झाले होते आणि ते का, हे तिथं कुणी कुणाला विचारत नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं ते एवढंच, की रेडिओ नवा घ्यावा लागणार. ती म्हणाली, "घ्या की मग." बाकीचं मी तिला सांगितलं नाही.

शुक्रवारी केंद्रातून सुटल्यावर तिला तसंच शेडवर नेलं. वायरमन पस्तिशीचा, कानावर पेन्सिल खोचलेला. त्यानं आईसाठी प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढली, पायाखाली एक रिकामं खोकं ठेवलं. तिच्या हाताला सुयांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या होत्या. तिनं पदर त्यावर ओढून घेतला.

जुना रेडिओ काढायलाच पंधरा मिनिटं गेली. बाहेर आला तो विटेएवढा जड, मागे कॅसेटची यंत्रणा, आणि त्याला जोडलेल्या वायरी कुणीतरी कधीतरी तोडून पिळून काळ्या टेपनं गुंडाळलेल्या. टेपचा चिकटा वितळून सगळ्याचा एक गोळा झाला होता. वायरमन म्हणाला, "काका, हे कुणी केलंन?"

"गाडी मी सहा वर्षं वापरलेली घेतली. आधीच्यानं केलं असेल."

"आधीच्या त्या माणसाला माझ्याकडे पाठवू नका."

नवा रेडिओ त्यानं खोक्यातून काढून आईच्या हातात दिला. तो तिनं एका हातानं तोलला. "हलका आहे रे."

"आजी, आतमध्ये काहीच नसतं आता. पुढे बटणं, मागे हवा."

"मग हवेचे सोळाशे घेतोस?"

"हवा लांबून येते ना आजी."

"पन्नास कमी कर. मी इथली हवा घेत्ये."

तो हसला. पन्नास तेव्हाच कमी झाले. आई खुर्चीत मागे टेकली. तासापूर्वीपर्यंत चार तास मशीनला जोडलेली बाई भाव करते आहे, यावरून मी माझा निष्कर्ष काढला: नऊ तारखेला जे बोलली ते थकव्यानं. मला तो निष्कर्ष हवा होता.

काम मी जवळून बघितलं, मला अशा गोष्टी बघायला आवडतात. नव्या रेडिओच्या मागे वायरींचा एक झुबका. काळी वायर गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला. दोन जोड्या स्पीकरच्या. उरतात पिवळी आणि लाल. पिवळी थेट बॅटरीवर, ती कायम चालू. तिच्यामुळे लावलेलं स्टेशन रेडिओच्या लक्षात राहतं. लाल चावीवर, चावी फिरवली की रेडिओ चालू, काढली की बंद. गाडीच्या वायरींचे रंग याच्याशी जुळत नव्हते, म्हणून तो टेस्ट लॅम्प घेऊन एकेक टोक तपासत होता. लॅम्प लागला की मला म्हणायचा, "चावी काढा." मी काढायचो. लॅम्प विझला की ती चावीची, नाही विझला तर बॅटरीची. दोन्ही मिळाल्या.

मी म्हणालो, "लाल पण बॅटरीवरच जोड."

"का?"

कारण मी सांगितलं. केंद्रातून सुटल्यावर आई गाडीत बसते, मी बिलाच्या आणि औषधांच्या रांगेत असतो. पस्तीस ते चाळीस मिनिटं. चावी मी गाडीत ठेवत नाही, कधीच नाही. उतरलो की चावी खिशात, ही माझी सवय. त्यामुळे तेवढा वेळ ती नुसती बसून असते. रेडिओ चावीशिवाय चालायला हवा.

आई खुर्चीतून म्हणाली, "मी कधी तक्रार केली?"

तक्रार तिनं खरंच कधी केली नव्हती. तिला एक मिनिटही शांतता मिळू नये हे मी ठरवलं होतं.

वायरमन म्हणाला, "काका, चावीवरच ठेवा. हा प्रकार बरा नव्हे. बंद करायला विसरलात तर बॅटरी बसेल. तुमची बॅटरी पण आता नवी नाही."

"बॅटरी पस्तीस अँपिअरची आहे. चाळीस मिनिटांत रेडिओ कितीसा खाणार?"

"चाळीस मिनिटांत काही नाही."

"मग जोड."

त्यानं खांदे उडवले आणि लाल व पिवळी एकत्र पिळून, वर नळी चढवून, टेप मारला. एरियलची पिन मागून खोचली, चौकट बसवली, रेडिओ सरकवला, टक असा आवाज झाला. निळा उजेड आला, स्टेशन लागलं. गाणं होतं, कुठलं ते लक्षात नाही. आई म्हणाली, "जुन्यासारखा घुमत नाही हा." तो म्हणाला, "जुना नाकात बोलायचा आजी." मग त्यानं मला बटणं दाखवली. हे स्टेशन पुढे-मागे. हे मोठं गोल आवाजाचं, आणि बंद करायचं असलं की तेच दाबून धरायचं. मी हो म्हणालो. मी तेव्हा पाचशेच्या चार आणि शंभराची एक नोट मोजत होतो. आईला मी ते बटण दाखवलं नाही.

घरी पोचेपर्यंत रेडिओ चालू होता. घाटात आवाज जायचा, वर आलं की यायचा, कारण या नव्यात फक्त एफएम. आई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली. तीन वाजता अंगणात गाडी लावली. मी पलीकडून दार उघडायला गेलो तेव्हा ती आवाजाचं बटण खाली फिरवत होती. आवाज गेला. मी तिला हात देऊन उतरवलं, आणि दव आणि पानगळ नको म्हणून गाडीवर नेहमीप्रमाणे ताडपत्री ओढली.

मंगळवारी, १६ तारखेला, पहाटे साडेपाचला चावी फिरवली. काहीच नाही. टिक्‌ असा आवाजदेखील नाही, आतला दिवा नाही. आई पुढच्या सीटवर बसली होती, स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर डब्याची पिशवी.

पुन्हा फिरवली. नाही.

बायको कंदील धरतात तसा मोबाइलचा उजेड धरून आली. बॉनेट नसलेली गाडी ही. इंजिन सीटखाली, बॅटरी तिथंच जवळ. टोकं घट्ट होती. मी खाली उतरून बायकोला म्हणालो, धक्का मारूया. पार मेलेल्या बॅटरीवर ही गाडी धक्क्यानं लागत नाही हे मला माहीत होतं. तरी दोघांनी अंगणाच्या उतारावरून दगडी गडग्यापर्यंत ढकलली. आई आत बसून. गाडी गडग्याशी जाऊन थांबली आणि तशीच राहिली.

"रेडिओ चालू राहिला होता काय गं?" मी आईला विचारलं.

"मी बंद केला की. पार खाली फिरवला."

तेव्हा कळलं. जुन्या रेडिओचं बटण खाली फिरवत नेलं की शेवटी खट्‌ व्हायचं आणि तो बंद व्हायचा. आजवर घरातला प्रत्येक रेडिओ तिनं असाच बंद केला होता. नव्याला खट्‌ नाही. आवाज शून्यावर जातो, रेडिओ चालूच राहतो. शुक्रवार दुपारी तीनपासून ताडपत्रीखाली तो निळा उजेड धरून बिनआवाजाचा चालला होता. मंगळवार पहाटे साडेपाचपर्यंत साडेशहाऐंशी तास. असा रेडिओ शून्य आवाजावर अंदाजे पॉइंट चार अँपिअर घेतो. गुणाकार चौतीस पॉइंट सहा. बॅटरी पस्तीसची. मी तो गुणाकार तिथं अंगणात उभ्या उभ्या केला.

गावातल्या रिक्षावाल्याला फोन लावला. रत्नागिरीचे जाऊन-येऊन नऊशे म्हणाला, वीस मिनिटांत येतो. मी हो म्हटलं. काच खाली करून आई म्हणाली, "त्याला येऊ नको म्हणून सांग."

"आठपर्यंत पोचलो तरी घेतात ते."

"ते घेतील रे. मी जात नाही."

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला हे पहिल्यांदा कळत होतं. मी गाडीच्या दाराशी उभा राहिलो. आईनं मफलर सोडला आणि घडी घालून पिशवीवर ठेवला.

"गेल्या आठवड्यात तुला काय सांगितलं मी?"

मी चावी खिशात टाकली.

"काय सांगितलं?"

"नेऊ नकोस म्हणून."

"ऐकलंस म्हणजे. मला वाटलं, ऐकू आलं नाही." मग म्हणाली, "तू सगळं करतोस हो. गाडी करतोस, पाणी मोजून देतोस, डबा देतोस, रेडिओ आणलास. मी बोलत्ये त्याला तेवढं उत्तर देत नाहीस."

"आई, बंद केलं तर—"

"तर काय, ते मला डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलंन. तू तेव्हा औषधांच्या रांगेत होतास."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं चार महिने तिला माहीत होतं आणि मी तिला ते कळू नये म्हणून गाडीत आवाज ठेवत आलो होतो.

"किती खेपा झाल्या?" तिनं विचारलं. मी हे मोजलेलं असणार, याची तिला खात्री होती.

"दोनशे एक्केचाळीस."

"बघ. कुणी बोलणार नाही, म्हातारीनं लगेच हात टेकलेन म्हणून. आठवड्यातले दोन दिवस तिथे जातात, दोन दिवस त्यातून उठण्यात. उरले तीन. त्यात तू मला दिवसाला आठशे मिली पाण्यावर ठेवतोस. मला पडवीत बसायचंय. पेज घ्यायची आहे, मीठ घालून. मला कंटाळा आला असं मी म्हणत नाही. माझं झालंय."

मी म्हणालो, "नक्की?"

हा प्रश्न नऊ तारखेला विचारायचा होता. त्यानंतर मी एकवीसशे रुपये खर्च केले आणि मग विचारला.

"नक्की," ती म्हणाली. "आता मला उतरव. थंडी वाजत्ये."

रिक्षा आलीच. परत जाण्याचे दीडशे दिले. रिक्षावाला म्हणाला, "काय झालं आजीला?" आई पडवीतून म्हणाली, "आजीला काही नाही झालं. गाडीला झालं."

मुंबईहून बहिणीचा फोन दहाला आला. बायकोनं तिला कळवलं होतं. ती ओरडत होती. "दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे काय? बॅटरी गेली म्हणून तू तिला घरी बसवणार? दुसरी गाडी मिळत नाही रत्नागिरीत? तुला दमायला झालंय, हे सरळ सांग." मी म्हणालो, तसं नाही. तिचं बोलणं मला चूक वाटलं नाही आणि लागलंही नाही. मला दमायला झालं नव्हतं का? झालं होतं. ते आणि आईचं म्हणणं वेगळं करून दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आईनं फोन मागितला. "हे बघ, भांडायला येऊ नकोस. भात जेवायला ये. आणि दादाला बोलू नकोस, तो मला न्यायलाच निघाला होता. धक्के मारत होता." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली, मध्ये मध्ये "हां, हां" करत. शेवटी म्हणाली, "येताना तुझी निळी शाल आण. माझी टोचते."

बॅटरी मी त्याच दुपारी काढून स्कूटरवरून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चार्जिंगला दिली. त्यानं एक दिवस ठेवून घेतली, शंभर रुपये. बुधवारी संध्याकाळी आणून बसवली. इंजिन पहिल्या चावीला लागलं. आईला चालताना दम लागत होता, पायांवर सूज आली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, आणा, समोर बसून बोलू. गुरुवारी तिला घेऊन निघालो. रेडिओ लावायला मी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे." मी हात मागे घेतला. सव्वा तासात ती बरंच बोलली. कुठल्या शेतात कुणाचा किती हिस्सा, बहिणीच्या लग्नात कुणी काय दिलेलं, माझ्या लहानपणी मला गोवर आला तेव्हा वडील मुरुडला गेलेले. मी हो, हो म्हणत होतो. हे सगळं लक्षात ठेवायला हवं असं मला वाटलं आणि त्यातलं निम्मं आज आठवत नाही.

डॉक्टर माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. काय होईल, धाप लागेल तेव्हा काय द्यायचं, झोप वाढेल, दुखू नये म्हणून कुठली गोळी. ती सगळं ऐकून म्हणाली, "किती दिवस?" ते म्हणाले, आठ ते पंधरा, थोडं इकडे-तिकडे. त्यांनी तिला दोनदा विचारलं आणि दोनदा तिनं तेच सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय?" मी म्हणालो, "ती म्हणते तसं." आवाज नीट निघाला.

त्या दिवसानंतर आई बारा दिवस होती. त्याबद्दल इथं लिहीत नाही. बहीण शुक्रवारीच आली आणि शेवटपर्यंत होती, एवढं लिहितो.

त्या गुरुवारी डॉक्टरांकडून निघाल्यावर मी शेडवर थांबलो. वायरमननं रेडिओ बाहेर ओढला, टेप कापला आणि लाल वायर सोडवून चावीच्या वायरीवर नेली. दहा मिनिटांचं काम. "काका, मी बोललो होतो."

"बोलला होतास."

"त्याला काही बोलू नकोस," आई गाडीतून वायरमनला म्हणाली. "त्याच्यामुळे माझा मंगळवार वाचला."

त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "आजी, मंगळवारी काय होतं?" ती म्हणाली, "काही नाही रे. सुट्टी होती." त्यानं पैसे घेतले नाहीत.

मग केंद्रात गेलो. मला वाटलं होतं ती गाडीत बसेल आणि मी आत जाऊन सांगून येईन, नेहमी करतो तसं. ती म्हणाली, "मी येत्ये." जिना नाही तिथं, उतार आहे. तो चढायला आम्हाला सात-आठ मिनिटं लागली.

काउंटरवरची मुलगी आम्हाला ओळखत होती. "आजी, मंगळवारी कुठे होतात? फोन पण लागला नाही." मी सांगायला सुरुवात केली तर आईनं माझ्या हातावर हात ठेवला. तिनंच सांगितलं, दोन वाक्यांत. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. तिनं ती दोनदा वाचली.

"आजी, शुक्रवारी एकदा तरी या ना. उद्याच आहे."

"माझ्या जागेसाठी यादीत कोण आहे?"

"आहेत सहा जण."

"पहिलं कोण?"

मुलीनं वही बघितली. तिनं नाव घेतलं नाही. म्हणाली, एक बाई आहेत, चौतीस वर्षांच्या, चिपळूणच्या पुढून. आत्ता आठवड्यातून एकदाच करतात, दुसऱ्या वेळेला मशीन मिळत नाही म्हणून.

"उद्याची सातची वेळ तिला दे. आत्ता फोन कर, आम्ही आहोत तोवर."

मुलीनं फोन केला. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मुलगी "हो, चार नंबर, पहिली पाळी, कायमची" असं म्हणाली आणि फोन ठेवला. मग एक छापील कागद काढला, जागा सोडल्याचा. नातेवाइकाची सही असं त्यावर होतं. आईनं तो स्वतःकडे ओढला, नातेवाइकाच्या रेघेवर आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. मुलीनं मला खाली सही करायला सांगितलं. मी केली.

मंगळवारी तिच्या नावानं नळ्या आणि सुया काढून ठेवलेल्या होत्या, त्या उघडल्या गेल्या होत्या. मुलगी म्हणाली, साहेबांना विचारून माफ करता येतील. मी म्हणालो, नको. बिल झालं चारशे दहा रुपये. चारशे दहा रुपये सुटे होते, ते मी काउंटरवरच्या त्या मुलीच्या हातात दिले आणि पावती घेतली.